उशिरा हसणारी मुलं

जून अर्धा सरला की मी अजून बेचैन होतो. आता मला कुठं जायचं नसतं, कुणाला शिकवायचं नसतं. लातूरच्या कॉलेजातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला. तरी सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलो आणि खालच्या रस्त्यावरून नव्या दप्तरांची पोरं शिकवणीला जाताना दिसू लागली की कप हातातच राहतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडं बघून काही वाटत नाही. तेव्हा सगळीच सारखी दिसतात, तेल लावलेली, धुतलेली, जराशी बावरलेली. फरक पडतो तो दुसऱ्या आठवड्यात. काही पोरं घोळक्यानं बोलत जाऊ लागतात. आणि एखादा मागं राहतो, वाकून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करतो, घोळका पुढं गेला की मग निघतो. पट्ट्याला काही झालेलं नसतं.

माझी सून सुनंदा इथंच एका कॉलेजात गणित शिकवते. परवा ती म्हणाली, "बाबा, यंदा वर्ग लई मोठाय. पहिली चाचणी होईपर्यंत कोण मागं पडतंय ते कळायचं नाही."

"चाचणीपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो," मी म्हणालो.

"मग आधी ओळखायचं कसं?"

 मला नांदेडच्या स्टेशनाची फरशी आठवत होती. कोळशानं काढलेल्या रेघा, आणि संध्याकाळची गाडी.

ती निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. अखेरची आहेत हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचं गाव शिरूर अनंतपाळ. घरी किराणा-भुसाराचं दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि वडिलांची, आप्पांची, एकच जिद्द, की थोरल्यानं मॅट्रिक व्हायचं. मामा नांदेडला कापडाच्या दुकानात होते, म्हणून माझी रवानगी नांदेडला झाली. बैलगाडीनं उदगीर, तिथून रेल्वेनं परळी-परभणीकडून मोठा वळसा. गाडीत आप्पा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. नांदेडच्या फलाटावर उतरल्यावर माझी टोपी सरळ करत म्हणाले, "शिवलिंग, आपल्या घरात कचेरीची भाषा वाचनारं कुनी न्हाई. तू वाच."

शाळा दगडी होती. उंच खिडक्या, लांब व्हरांडा, आणि सगळं शिक्षण उर्दूतून. इतिहास उर्दूत, भूगोल उर्दूत, गणितसुद्धा उर्दूत. मी गावाकडं उर्दू शिकलो होतो, पण ती पाठांतराची. अक्षर वळणदार, उच्चार बरे, कविता तोंडपाठ. अर्थ विचारणारं कुणी भेटलंच नव्हतं. नांदेडच्या वर्गात पहिल्या दिवशी मास्तर बोलू लागले आणि माझ्या लक्षात आलं, की मला फक्त आवाज ऐकू येतोय. त्रिकोणाला मुसल्लस म्हणतात आणि कोनाला जाविया, एवढं माहीत होतं. पण त्या मुसल्लसाचं आणि त्या जावियाचं पुढं काय चाललंय, ते माझ्या डोक्यावरून वाहून जायचं.

ही भीती कशी असते, ते ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड. मार खाण्याची भीती वेगळी, ती एकदा खाल्ला की संपते. ही दिवसभर चालायची. नजर सारखी शेजारच्याच्या चेहऱ्यावर. तो मान हलवतोय, मग आपणही हलवायची. तो पान उलटतोय, आपणही उलटायचं. घरी आल्यावर मामी विचारायच्या, "कसं काय, जमून राहिलं का?" मी म्हणायचो, "हाव." आणि भाकरीचा घास गिळवत नाही म्हणून ताकात बुडवायचो.

गणित शिकवायला मुनीर साहेब होते. उंच, सडपातळ, पांढरी होत चाललेली दाढी, काळी शेरवानी कोपरावर झिजलेली. हातात छडी नसायची, त्यामुळं मला त्यांची जास्तच भीती वाटायची. छडीवाल्या मास्तरचा अंदाज बांधता येतो. हे शिकवता शिकवता मध्येच थांबायचे, खिडकीपाशी जायचे आणि एखादी गंमत सांगायचे. अख्खा वर्ग हसायचा. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसायचा दिगंबर. तो मुदखेडचा, वडील रेल्वेत. रोज सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. रुंद खांदे, टोपी तिरपी, बाक वाजवून हसायची सवय. मला त्याचा हेवा वाटायचा. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत याला विनोद कळतो, म्हणजे केवढी हुशारी!

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी साहेबांनी अशीच गंमत सांगितली. वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली, पोरं उठली आणि साहेब माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"तू थांब."

पोरं बाहेर पडेपर्यंत मी खाली बघत राहिलो.  ते समोरच्या बाकावर बसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तू हसतोस, पण उशिरा हसतोस. आधी शेजारच्याकडं बघतोस, मग हसतोस."

मी समोरची वही मिटली.

"मी गंमत उगाच सांगत न्हाई, बेटा. फळ्यावरचं कुनाला समजलं ते चेहऱ्यावर दिसत न्हाई, समजल्याचं सोंग आनता येतं. हसण्याचं सोंग अवघड असतं. ते मागं पडतं." मग म्हणाले, "मी देगलूरचा. मराठीत भांडायला शिकलो, तेलुगूत बाजार करायला, आनि उर्दूत पुस्तक वाचायला. घाबरू नको. आता तीच गंमत पुन्हा ऐक."

आणि त्यांनी सांगितली. एका गावात कचेरीतल्या मुन्शीकडं घड्याळ होतं आणि स्टेशनमास्तरकडं एक. मुन्शी रोज गाडीची शिट्टी ऐकून घड्याळ लावायचा. स्टेशनमास्तर रोज मुन्शीला विचारून ठरवायचा, गाडीला उशीर झाला का नाही. दोघंही सांगायचे, आमच्या गावात घड्याळ कधी चुकत नाही.

मी हसलो. त्या दगडी इमारतीत पहिल्यांदाच, कुणाकडं न बघता. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं होतं ते साहेबांना कळलं असावं, कारण ते उठून खिडकी लावायला गेले.

त्या आठवड्यात त्यांनी असे सात-आठ जण वेचून काढले. सगळ्यांचं दुखणं एक नव्हतं. अर्धापूरचा विठ्ठल फळा बघताना एक डोळा मिटायचा. त्याला भाषा येत होती, फळाच दिसत नव्हता. साहेबांनी त्याला काही न विचारता पुढच्या बाकावर आणून बसवला. दुसरा एक जण तापानं खंगलेला होता, वर्गात पेंगायचा, आणि पोरं त्याला आळशी म्हणायची. साहेबांनी त्याला दवाखान्यात नेऊन कडू औषध सुरू करवलं. बाकी आम्ही माझ्यासारखे, भाषेच्या अलीकडच्या काठावर अडकलेले. शाळा सुटल्यावर मागच्या लिंबाखाली साहेब आम्हाला घेऊन बसू लागले. आधी मराठीत समजवायचं, मग तेच उर्दूत म्हणायला लावायचं. "पहिलं डोक्यात शिरू दे, मग जिभेवर," असं म्हणायचे.

मला तिथं बसल्यावर श्वास घेता यायचा. पण तो लिंब फार दिवस लाभला नाही.

गावाची हवा बदललेली होती. पुढं जे व्हायचं ते अजून व्हायचं होतं, पण लोक बोलताना आधी मागं वळून बघू लागले होते. मामांच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचा पोत बघता बघता आवाज खाली आणायचं. चार माणसं एकत्र जमायची तर परवानगी हवी. मग ते भजन असो, वाचनालयाची सभा असो की आणखी काही. शाळेच्या फाटकासमोर एक खाकी कपड्यातला माणूस बिडी ओढत बसू लागला. त्याचं काम काय, ते कुणी विचारलं नाही.

आणि आमच्या त्या लिंबाखालच्या बैठकीबद्दल दोन अफवा एकदमच उठल्या. एक म्हणे, मुनीर साहेब हिंदूंच्या पोरांना वेगळं बसवून बाटवतायत. दुसरी म्हणे, मुनीर साहेब मराठीतून शिकवून पोरांना सरकारच्या विरुद्ध चिथावतायत. एकच माणूस दोन्ही बाजूंनी गुन्हेगार झाला होता. मामा एकदा जेवताना म्हणाले, "शिवा, तू शाळा सुटली की सरळ घरी येत जा रे बाबा." त्यांचा हात ताटावर थांबला होता.

लवकरच सदर मुदर्रिसांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, हुकूम काढला. घंटेनंतर एकही मुलगा आवारात थांबता कामा नये. त्यात भर म्हणून सांगितलं, की पोळ्याच्या आधी तिमाही परीक्षा होईल आणि जे त्यात नापास होतील ते शाळेतून काढले जातील. जागा कमी आहेत, दाराशी दुसरी पोरं उभी आहेत. हे ऐकताना विठ्ठलानं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघंही मनात आपापल्या गावी पोचलो होतो. मला आप्पांचं दुकान दिसत होतं, गल्ल्यामागची गादी, आणि त्या गादीवर मी, जन्मभर.

त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना साहेब आमच्या शेजारून गेले. मान न वळवता, चालता चालता म्हणाले, "स्टेशनवर बसायला कुनाची परवानगी लागत न्हाई. मुसाफिर जमला तरी त्याला जमाव म्हनत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा नांदेडच्या फलाटावर भरू लागली.

फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं, एक उघडा कोपरा होता. इंजिनातून पडलेले कोळशाचे खडे तिथं हवे तेवढे मिळायचे. साहेब शेरवानी सावरून फरशीवर मांडी घालायचे आणि कोळशानं त्रिकोण काढायचे. आम्ही आपापली पडशी, पिशवी शेजारी ठेवून बसायचो, प्रवासी वाटावं म्हणून. हमाल आधी बघायचे, मग बघेनासे झाले. उन्हानं तापलेल्या फरशीची धग मांड्यांना लागायची. तेलाचा, धुराचा, ओल्या कोळशाचा वास यायचा. त्या वासात मला समद्विभुज त्रिकोणाचे पायाचे कोन समान का असतात ते कळलं, आणि आजही कुठल्या स्टेशनात शिरलो की ती आकृती आधी आठवते. कान मात्र सारखे दाराकडं असायचे. बुटांचा आवाज आला की साहेबांचा तळवा फरशीवरून फिरायचा आणि त्रिकोणाचा काळा डाग व्हायचा. त्यांच्या हाताच्या रेषांत तो कोळसा दुसऱ्या दिवशीही दिसायचा.

दिगंबर तिथंच असायचा, कारण त्याची गाडी तिथूनच सुटायची. पहिल्या दिवशी आम्हाला बघून त्यानं बाक वाजवला.

"आलं का ढ पोरांचं वऱ्हाड? नवरदेव कोन हाय?"

आम्ही मान खाली घातली. साहेब म्हणाले, "दिगंबर, तुझी गाडी यायची हाय. तू बस."

तो लांबच्या बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याहून जवळच्या बाकावर. मग कधीतरी तो आमच्या मागच्या खांबाला टेकून उभा राहू लागला, तोंडात काडी, नजर रुळांकडं. गाडीची घंटा झाली की "चला रे ढ मंडळी" म्हणून निघून जायचा. एकदा मी सहज मागं बघितलं तर त्याच्या तोंडातली काडी हलत नव्हती आणि ओठ हलत होते. साहेब उर्दूत जे म्हणत होते ते तो मराठीत पुटपुटत होता.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची ती संध्याकाळ. आभाळ भरून आलं होतं, फलाटावर कंदील लवकर लावले होते. साहेब एक लांबलचक सिद्धता समजावत होते आणि आम्ही सगळे त्या आकृतीवर वाकलो होतो. पूर्णेकडून गाडी आली. हीच पुढं मुदखेडला जायची. माणसं उतरली, आरडाओरड झाली. आणि त्या गर्दीतून पांढरं धोतर, काळा कोट आणि डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस थेट आमच्याकडं येताना दिसला.

आप्पा.

ते येणार हे मला माहीत नव्हतं. शिरूरपर्यंत अफवा पोचली होती, पहिली, बाटवण्याची. आप्पांनी आधी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग फरशीवरच्या काळ्या रेघांकडं. ते चिडले की कानडीवर जात.

"बा इल्ली," ते म्हणाले. इकडं ये.

मी उठलो.

"ही शाळा हाय का?"

"न्हाई आप्पा. शाळा सुटली."

"मग इथं भुईवर बसून काय करून राहिलास? लोक बोलत व्हते, मी खरं मानत नव्हतो. चल. सामान बांध. उद्याच्या गाडीनं घरी."

साहेब उठून उभे राहिले. शेरवानीच्या मागं धूळ लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "आप्पासाहेब, बसा तरी जरा," ते म्हणाले.

"मला बसायचं न्हाई. मला एवढंच सांगा, माझा पोरगा ढ हाय का? ढ आसंल तर दुकानात बसंल. त्याच्यासाठी त्याला लपून-छपून कुटं बसवायचं कारन न्हाई."

"ढ न्हाई," साहेब म्हणाले. "तुमचा मुलगा गणितात या सगळ्यांच्या पुढं हाय. पन पहिले दिवस तो वर्गात काय करत होता सांगू? कळत न्हाई तरी मान हलवत होता. हाव, हाव म्हणत होता. कुनी विचारू नये म्हणून."

आप्पा काहीतरी बोलणार होते.  गाडीच्या इंजिनातून वाफ सुटत होती. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यांना असं करताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"मी बी तसाच उभा ऱ्हातो," ते हळू आवाजात म्हणाले. ते साहेबांशी बोलत होते, माझ्याशी नव्हे. "कचेरीत. त्ये वाचून दाखवतेत, मी मान हलवतो. भाईर आल्यावर लोक इचारतेत, काय म्हनले? मी म्हनतो, समदं झालं बराबर." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बी मान हलवायलास व्हय रे?"

मला रडू आलं. सगळ्या पोरांसमोर आलं.

तेवढ्यात बुटांचा आवाज झाला. फाटकासमोरचा तो खाकीवाला आणि त्याच्यासोबत एक शिपाई. साहेबांना तळवा फिरवायला वेळ मिळाला नाही. आकृती तशीच राहिली, अक्षरांसकट.

"ये क्या जलसा है?" शिपायानं विचारलं.

 साहेबांचा चेहरा कंदिलाच्या उजेडात मातीसारखा दिसला. परवानगी नसताना जमाव, तोही शाळेच्या हुकुमाविरुद्ध. त्यांची नोकरी त्या क्षणी फरशीवर पडलेली होती. आणि मग आप्पा खाली बसले. सरळ, त्या आकृतीवरच, धोतराचा सोगा पसरून.

"जलसा कशाचा साब," ते म्हणाले. "मी शिरूरहून आलो. ह्यो माझा पोरगा. घ्यायला आला व्हता. ही त्याची सोबती. ह्ये मौलवीसाब गाडीला आले, वळख निघाली, बोलून राहिलो. मुसाफिरानं बोलू बी न्हाई का?"

शिपायानं आप्पांच्या कपाळावरचं भस्म बघितलं, साहेबांची दाढी बघितली. या दोघांना एका गुन्ह्यात कसं बसवावं ते त्याला सुचत नसावं. "गाडी आई तो जाओ फिर," तो म्हणाला, आणि दोघं पुढं गेले.

गाडीनं शिट्टी दिली. डबे हलले. मी हुंदके आवरत होतो, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. विठ्ठलानं मला कोपर मारलं. दिगंबर खांबापाशीच उभा होता. त्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जात होती, शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा लांब जाईपर्यंत त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दिगंबर, तुझी गाडी!" साहेब म्हणाले.

"जाऊ द्या," तो म्हणाला. आणि आप्पांकडं बोट केलं. "काका, जरा उठता का? त्ये खालचं पुरं व्हायचं ऱ्हायलंय. दोन्ही कोन बराबर कामून हायेत, त्ये साहेबांनी आजून सांगितलं न्हाई."

आम्ही सगळे थक्क झालो. पण साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते आश्चर्य नव्हतं. कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखे ते त्याच्याकडं बघत होते. सगळ्यांच्या आधी हसणारा, सगळ्यांत मोठ्यांदा हसणारा. ते उशिरा हसणाऱ्यांना शोधत राहिले आणि हा आधी हसून निसटला. वर्गात त्याला शब्दांतलं काहीच कळत नव्हतं. साहेबांच्या मिशीचं टोक हललं की तो हसायचा, हे त्यानं नंतर मला सांगितलं. आपल्याला कळत नाही हे कुणाला दिसू नये म्हणूनच त्यानं हसणं पाठ केलं होतं.

"तू पहिल्याच दिवशी का न्हाई बोललास?" साहेबांनी विचारलं.

"ढ म्हनले असते," दिगंबर म्हणाला.

आप्पा बाजूला सरकले. धोतराला कोळशाचा त्रिकोण उठला होता. साहेबांनी फरशीवर तो नव्यानं काढला, आणि आप्पा रुमाल मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत गेले.

परीक्षा झाली. मी पास झालो, विठ्ठल पास झाला, तापवालाही काठावर पास झाला. दिगंबर नापास झाला. त्याच्याकडं दिवसच थोडे उरले होते. निकालाच्या दिवशी काढायच्या मुलांत त्याचं नाव वाचलं गेलं. तो हसला. ते हसणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

मुनीर साहेब वर्गातून उठून सरळ सदर मुदर्रिसांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. ते दोघं उर्दूत बोलत होते आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

"हा मुलगा नापास झाला तो माझ्यामुळं," साहेब म्हणाले. "मी त्याला उशिरा ओळखलं. सहामाहीपर्यंत त्याला ठेवा."

"उशिरा ओळखलं म्हणजे? कुठं ओळखलं?"

साहेब खोटं बोलले असते तर निभावलं असतं, मुख्याध्यापकांचीही तशीच इच्छा असावी, कारण त्यांनी दुसरीकडं मान वळवली होती.

"स्टेशनवर," साहेब म्हणाले. "मी रोज संध्याकाळी तिथं मुलांना शिकवत होतो. मराठीतून."

 मग मुख्याध्यापकांचा आवाज आला, रागाचा नव्हे, थकलेला. "मुनीर साहेब, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला वर कळवावं लागेल."

"कळवा. मुलाला ठेवा."

दिगंबर राहिला. साहेबांची बदली तेलंगणातल्या कुठल्याशा लहान गावी झाली, जिथं मराठी बोलणारं एकही पोर नव्हतं.

सुनंदाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही वर्गात कसं ओळखायचात?" मी म्हणालो, माझ्याकडं एकच रीत कधी नव्हती. कुणी खिडकीजवळची जागा सोडत नाही, कुणी हजेरी झाली की निघून जातो, कुणी शंका विचारतो पण नेहमी शेजाऱ्याच्या नावानं. दरवर्षी एखादा निसटायचाच. म्हणून जूनमध्ये मला नीट झोप लागायची नाही. पहिल्या महिन्यात मी औसा-निलंग्याच्या पोरांच्या खोल्यांवर जाऊन बसायचो, चहा प्यायचो, गावाकडच्या पिकाचं बोलायचो. सहकारी हसायचे. त्यांना वाटायचं, मला गप्पांची हौस आहे.  दुसऱ्या दिवशी सुनंदा कॉलेजातून नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आली, आणि तिच्या तोंडी तीन-चार पोरांची नावं होती.

मुनीर साहेब संध्याकाळच्याच गाडीनं गेले. एक ट्रंक, एक वळकटी. आम्ही स्टेशनवर गेलो होतो, पण त्यांनीच आम्हाला लांब लांब उभं राहायला सांगितलं. खाकीवाला स्टेशनच्या दाराशी होता. कुणी पाया पडलं नाही, कुणी हार घातला नाही. गाडी आली. दिगंबर मुदखेडला जायचं म्हणून रोजच्यासारखा चढला, पण रोजचा डबा सोडून साहेबांच्या डब्यात चढला. खिडकीत दोघं समोरासमोर बसलेले मला दिसले. गाडी हलली तेव्हा साहेबांनी बाहेर बघितलं नाही. ते पुढं वाकून दिगंबरला काहीतरी विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीची वाट बघत शाळेच्या फाटकाशीच थांबलो. दिगंबर आला, टोपी सरळ, डोळे सुजलेले.

"मुदखेडपर्यंत काय बोलले रे साहेब?"

"काय न्हाई. पुढच्या सिद्धतेचं इचारलं."

"मग?"

"मी म्हनलो, साहेब, मला समजलं न्हाई." त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तर म्हनले, शाबास."

घंटा झाली आणि आम्ही दोघं आत गेलो.